गाडीचं नाव घ्यायचं नाही

खिडकीची काच वर-खाली करायची एक मूठ. लोखंडी, वर निकेलचा मुलामा, तोही अर्धा उडालेला. भाव तीनशे ऐंशी दिरहम. म्हणजे नऊ हजार रुपये. मी दुकानदाराला म्हटलं, "भाई, ये तो जंग लगा है." तो म्हणाला, "जंग भी ओरिजिनल है." आणि हसलासुद्धा नाही.

शारजाच्या औद्योगिक भागात जुन्या पार्टांच्या गल्ल्या आहेत. तिथे मी आठ महिने अशा भावांना तोंड देत फिरलो. कशासाठी, तर एका मसल कारसाठी. अमेरिकेत साठ-सत्तरच्या दशकात दोन दरवाजांच्या, लांब नाकाच्या, आठ सिलिंडरच्या गाड्या निघायच्या, त्यातली एक. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. का लिहीत नाही ते पुढे येईलच.

गाडी आमच्या अरबाबांच्या वडिलांची. अरबाब म्हणजे गॅरेजचे स्थानिक मालक, वयानं तिशीचे, स्वभावानं वाईट नाहीत. वडील गेल्यावर गाडी बरीच वर्षं रास अल खैमाला एका शेडमध्ये धूळ खात पडली होती. डिसेंबरात राष्ट्रीय दिनाला इथले लोक गाड्या सजवून रस्त्यावर काढतात. त्या दिवशी ही गाडी चालली पाहिजे, असं अरबाबांच्या मनात आलं आणि ती ट्रेलरवरून आमच्या दारात आली.

आमच्या, म्हणजे माझ्या मामांच्या. मामा चिपळूणजवळचे. एकतीस वर्षं याच गॅरेजात. हेड मिस्त्री. फेब्रुवारीत त्यांचा व्हिसा संपणार होता आणि साठी झाली म्हणून पुढे वाढवायचा नाही, असं ठरलेलं होतं. ही त्यांची शेवटची मोठी गाडी. त्यांनी इंजिन उतरवलं, बोल्ट न् बोल्ट सोडवला, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं बदलली, व्हॉल्व्ह हातानं घासून बसवले. इंजिनाला बाहेरून मूळ निळा रंग दिला. पाच महिने. गॅरेजची बाकीची कामं आटपून, दुपारच्या सुट्टीत, शुक्रवारी. ओव्हरटाइम मागितला नाही. मी मागा म्हणालो, तर म्हणाले, "तुला प्रत्येक गोष्टीत मागणी दिसते."

दिसतेच. मी कोल्हापूरला कॉलेजात असताना आम्ही पत्रकं काढायचो. मेसचे दर, परीक्षेचं शुल्क, एसटीचा पास. पत्रक कसं लिहायचं ते मला नीट शिकवलं होतं. आकडा द्यायचा, दोषी दाखवायचा, आणि वाचणाऱ्यानं पुढे काय करायचं ते शेवटच्या ओळीत सांगायचं. पदवीनंतर दोन वर्षं नोकरी नाही, तेव्हा मामांनीच इथला व्हिसा काढून दिला. काम काय, तर ऑफिसातले कागद सांभाळायचे आणि पार्ट शोधून आणायचे.

शोधून. हा शब्द लोकांना गमतीचा वाटतो. सांगतो कसं असतं ते.

तुम्ही दुकानात जाता. पार्ट पुढ्यात लटकत असतो. दुकानदार म्हणतो, "कौनसी गाडी?" तुम्ही गाडीचं नाव सांगता. तो तुमच्याकडे नव्यानं बघतो. मग आत जातो, फोन करतो, बाहेर येतो. "एकच पीस आहे पूर्ण यूएईत." शेजारच्या दुकानातही तोच पूर्ण यूएईतला एकच पीस असतो. तिसऱ्याकडे दोन. मागच्या बंपरला आम्ही सोळाशे दिरहम मोजले. आणून लावायला गेलो तर बोल्टची भोकं जुळेनात, पुढच्या सालाचा निघाला. परत न्यायला गेलो तर दुकानदारानं भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे पाटी होती, बिका हुआ माल वापस नहीं होगा, हिंदीत, उर्दूत आणि इंग्रजीत. अरबी कुठेच नव्हती. अरबी बोलणाऱ्यांकडून माल परत घेत असावेत.

एका मागच्या दिव्याच्या काचेला दोन आठवडे लागले. ती मिळाली आणि रस्त्यात पिकअपमध्ये तडकली. मी ते मामांना सांगितलं, तर त्यांनी तडकलेली काच उजेडाला धरून बघितली. मग म्हणाले, "मांडीवर घेऊन यायची, मेल्या."

नोव्हेंबर लागला तेव्हा गाडी उभी होती. रंग, काचा, सीट, सगळं. इंजिन बसवलेलं. अडलं कार्ब्युरेटरपाशी. हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला पाजणारा तो भाग. या इंजिनाचा चार तोंडांचा होता आणि त्याच्या ओतीव अंगालाच चीर गेली होती. मामांनी ती दोनदा बुजवली. इंजिन सुरू व्हायचं, धापा टाकायचं, आणि चौकात हिरवा दिवा लागायची वाट बघावी तेवढ्या वेळात बंद पडायचं.

नवा कार्ब्युरेटर मिळतो. पण अरबाबांनी सुरुवातीलाच अट घातलेली. "मिस्त्री, एक तो सब ओरिजिनल, नहीं तो सब नया. आधा-आधा नहीं." आणि बंपरच्या प्रकरणानंतर त्यांची सहनशक्ती संपली होती. त्यांनी स्पष्ट सांगितलं, आता एका पार्टवर हजार दिरहमच्या वर जायचं नाही. पंधरा दिवसांत गाडी नीट चालली नाही, तर नव्या काळचं इंजिन दुबईत तयार मिळतं, ते टाकू. "खलास. कोई मुश्किल नहीं."

मुश्किल होती. मामांची. ते इंजिन निघालं असतं तर त्यांचे पाच महिने भंगारात गेले असते, आणि पुन्हा दुसरं करायला त्यांच्याकडे वर्ष उरलं नव्हतं. हे ते बोलले नाहीत. मीच बोलतोय.

मी चार दिवसांत अकरा दुकानं केली. चार तोंडांचा कार्ब्युरेटर, जुना, चालू. कमीत कमी भाव अडतीसशे, जास्तीत जास्त पाच हजार. पाच हजार म्हणजे सव्वा लाख रुपयांच्या घरात. संध्याकाळी येऊन मामांपुढे मी तोंड सोडलं. चोर आहेत, टोळी आहे, ठरवून भाव लावतात.

मामा जेवत होते. म्हणाले, "तू गाडीचं नाव सांगितलंस?"

"मग काय सांगू? ते विचारतात."

"विचारणारच. तू सांगायचं नाही."

मग त्यांनी मला तिथली रीत सांगितली. हाच कार्ब्युरेटर त्याच कंपनीच्या मोठ्या घरगुती गाडीलाही यायचा. चार दरवाजांची, आजोबांनी चालवायची गाडी. तिच्या नावानं मागितला की पाच-सहाशेत मिळतो.

"म्हणजे खोटं बोलायचं," मी म्हणालो.

"खोटं कुठलं? तिला लागतो की नाही लागतो?"

"पण आपल्याला तिच्यासाठी नकोय."

"हे देणाऱ्यालाही माहीत असतं."

हे मला खरंच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मामा स्वतः मला जुन्या गाड्यांच्या भंगाराच्या एका यार्डात घेऊन गेले. तिथला चाचा मंडणगडकडचा, मराठी शाळेत शिकलेला, मामांच्या बरोबरीचा. यार्ड त्याचं एकट्याचं नव्हतं, एक भागीदार होता, पैसे त्याचे. मामा खुर्चीवर बसले, चहा आला, पाऊस यंदा किती झाला, वाशिष्ठीला पाणी किती चढलं, कोणाची मुलगी कुठे दिली, अर्धा तास. मी घड्याळ बघत होतो. शेवटी मामा म्हणाले, "एक कार्ब्युरेटर हवा होता. मोठ्या घरगुती गाडीचा."

चाचा दाढी खाजवत म्हणाला, "घरगुती गाडीचा. हां. किती तोंडांचा?"

"चार."

"आजोबा लई जोरात चालवतात वाटतं."

"आजोबाच ते. ऐकतात कुठे."

दोघं हसले. चाचा म्हणाला, "मागच्या कंटेनरमध्ये आहे, वर गिअरबॉक्स पडलेत. गुरुवारी ये. सहाशे दे. आणि मिस्त्री, गाडीचं नाव घेऊ नको हां. तू घेतलंस की मला ऐकू येणार, मला ऐकू आलं की भागीदाराला सांगावं लागणार."

म्हणजे चाचाला सगळं माहीत होतं. आमच्या दारात कुठली गाडी उभी आहे हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. फक्त नाव घेतलं जात नव्हतं तोवर तो भागीदाराला सांगू शकत होता की घरगुती गाडीचा माल घरगुती भावानं विकला. त्या न घेतलेल्या नावावर दोघांची एवढ्या वर्षांची उठबस चालली होती.

हे आता लिहिताना मला समजतं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं, की सहाशेचा माल पाच हजाराला विकतात आणि एका माणसानं ते आमच्या तोंडावर कबूल केलं. पुरावा! आठ महिने मी ज्याच्या शोधात होतो तो पुरावा.

मी पत्रक लिहिलं.

छापलं नाही, एवढी अक्कल होती. फोनवर लिहिलं आणि गॅरेजवाल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. दीडशेभर लोक त्यात, निम्मे आपल्याकडचे. वर मराठीत, खाली हिंदीत. मथळा होता, 'जुन्या पार्टांची लूट थांबवा!' खाली अकरा दुकानांचे भाव. नावं नव्हती, पण 'निळ्या शटरचं', 'पंपासमोरचं', 'पाण्याच्या टाकीखालचं' असं लिहिलेलं. मग खालची ओळ, तिचा मला अभिमान वाटला होता. 'हाच कार्ब्युरेटर घरगुती गाडीच्या नावाने सहाशेला मिळतो, हे खुद्द एका यार्डवाल्याने मान्य केले आहे.' आणि गाडीचं नाव. पूर्ण. सालासकट. शेवटी आवाहन, बंधूंनो, सहाशेच्या वर कुणी एक दिरहम देऊ नका.

संध्याकाळपर्यंत ते किती ठिकाणी फिरलं मला माहीत नाही. अंगठे बरेच आले. दुबईच्या करामा भागातल्या एका खाणावळीत भेटलेला ओळखीचा इंजिनियर म्हणाला, "भारी लिहिलंयस यार, पण इथे असं लिहू नको. इथे व्हॉट्सॲपवर कुणाला लुटारू म्हटलं तर पोलीस आधी तुलाच बोलावतील." मी ते काढून टाकलं. फिरायचं ते फिरून झालं होतं.

गुरुवारी आम्ही यार्डात गेलो. चहा आला नाही.

चाचानं फोन मामांपुढे धरला. मामांनी चष्मा लावून सगळं वाचलं. हळूहळू, शेवटपर्यंत. मग माझ्याकडे न बघता फोन परत दिला. मामांना मी सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, निकाल लागल्यावर सांगू.

चाचा मला म्हणाला, "भाषा चांगली आहे तुमची, लेखकसाहेब. 'लुटीचे साम्राज्य'. आमचं एवढंसं यार्ड, त्याला साम्राज्य केलंत."

मी म्हणालो, "चाचा, मी तुमचं नाव लिहिलं नाही."

"नाव नाही लिहिलं. पण मागे गिअरबॉक्स पडलेला कंटेनर कुणाकडे आहे ते सगळ्यांना माहीत आहे." तसं काही मी लिहिलं नव्हतं. पण भागीदारानं यार्डवाला कोण ते शोधलं होतं, आणि शोधायला त्याला एक दुपारही लागली नव्हती.

मामा म्हणाले, "माल आहे?"

"होता. भागीदारानं काल दिला. दुबईचा एक शौकीन आला, त्यानं यादी वाचलेली. बावन्नशे दिले." चाचानं फोन खिशात टाकला. "मिस्त्री, मी काय करू? तुझ्या भाच्यानं नाव घेतलं. सगळ्या शारजासमोर घेतलं."

मी म्हणालो, पैसे मी भरतो, दुसरीकडे बघू. माझा पगार बावीसशे होता, तरी म्हणालो. पुढचे आठ दिवस दुसरीकडेही बघितलं. पंपासमोरच्याला माझ्या यादीवरून कळलं होतं की निळ्या शटरवाला पाच हजार सांगतो, तर आपण अडतीसशे का सांगावेत? त्यानं पाच केले. निळ्या शटरनं साडेपाच केले. भाववाढीचं पत्रक मी फुकटात काढून वाटलं होतं. दोन दुकानांनी मला बघूनच सांगितलं, "माल नहीं है." माल मागे दिसत होता.

वाचणाऱ्यांपैकी एकानंही बहिष्कार घातला नाही. घालणार कसा? त्यातल्या कुणालाच तो पार्ट नको होता. मेसच्या दरावर आम्ही पत्रक काढलं तेव्हा चारशे पोरं रोज त्या मेसमध्ये जेवत होती. इथे जेवणारा मी एकटा.

मामांनी तिसऱ्यांदा चीर बुजवली. कुठली तरी पावडर, कुठलं तरी रसायन, भट्टीत तापवून. मी शेजारी उभा. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी सहज म्हणालो, "मामा, चुकलं माझं." ते म्हणाले, "पाना दे, बारा नंबर." मी दिला. इंजिन या वेळी थोडं जास्त चाललं. मग धाप लागली आणि थांबलं. मामांनी चावी काढून खिशात टाकली.

पंधरा दिवस भरले. अरबाब आले, मामांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हबीबी, तुमने बहुत मेहनत किया." आणि दुबईला फोन लावला.

इंजिन उतरवायला दुसरा माणूस बोलवा, असं मी मामांना म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. स्वतः साखळ्या लावल्या, स्वतः पाइप सोडवले, प्रत्येक तोंडात कापडाचा बोळा कोंबला. मी साखळी ओढत होतो. ते निळं धूड वर आलं, हललं, आणि मामांनी त्याला हातानं धरून स्थिर केलं, पाळण्याला धरतात तसं. मग भिंतीपाशी दोन टायरांवर ठेवलं. नवं इंजिन दोन दिवसांत बसलं. राष्ट्रीय दिनाला गाडी झेंडे लावून फाटकातून बाहेर गेली. बटण दाबलं की सुरू. एसीसुद्धा गार. मामांनी हात केला.

जुनं इंजिन तीन आठवडे टायरांवर होतं. मग अरबाब म्हणाले, जागा अडते, काढा. चाचाच्या यार्डाची पिकअप आली. बाराशे दिरहमला गेलं, वजनापेक्षा थोडं जास्त. चाचानं बरे पैसे लावले, असं मामा म्हणाले.

जानेवारीत मी एका साध्या टेम्पोचा डायनॅमो शोधत त्या गल्लीत गेलो, तर यार्डाच्या दर्शनी भागात लोखंडी स्टँडवर ते इंजिन उभं. धुतलेलं, पुसलेलं. वर पुठ्ठा: 'ओरिजिनल. रिबिल्ट. १८,०००'. सव्वाचार लाख रुपये! मी तिथेच उभा राहिलो. अंगात पूर्वीसारखा राग चढेल म्हणून वाट बघितली. थोडा चढला. मग डायनॅमो घेऊन परत आलो.

मामांना सांगू नये असं ठरवलं आणि जेवताना सांगितलं. त्यांनी विचारलं, "वरचं तोंड झाकलंय का?"

"काय?"

"कार्ब्युरेटर बसतो ती जागा. झाकली नाही तर रेती जाईल आत."

मी बघितलं नव्हतं. मी पुठ्ठा बघितला होता.

शुक्रवारी मामा स्वतः गेले, म्हणून मीही गेलो. तोंड उघडंच होतं. मामांनी बॅगेतून प्लास्टिक आणि दोरी काढली. चाचा ओशाळून बाहेर आला. भाव भागीदारानं लावलाय, म्हणाला. मामांनी भावाचं काही काढलं नाही. विचारलं, "गिऱ्हाईक आहे?"

"ओमानचा एक जण येतोय, तासाभरात. पण म्हणतो, चालू करून दाखवा. आता कसं दाखवू?"

मी मामांकडे बघितलं आणि मला कळलं काय होणार. मी त्यांना बाजूला घेतलं. "मामा, फुकट? अठरा हजार घेणार हा माणूस. तुमच्या कामाचे. त्यातला एक दिरहम तुम्हाला मिळणार नाही."

"नाही मिळणार," मामा म्हणाले. "तो ट्रकचा कार्ब्युरेटर बघ, तिकडे पडलाय, दोन तोंडांचा. मध्ये पट्टी टाकून बसेल."

बसला. माप चुकीचं, पण इंजिन चालतं एवढं दाखवायला पुरेसा. बॅटरी यार्डातलीच. पेट्रोल एका बाटलीतून सोडायचं, बाटली मी धरली. ओमानी गिऱ्हाईक आलं, पांढऱ्या कपड्यांना ग्रीस लागू नये म्हणून चार हात लांब उभं राहिलं आणि फोनवर चित्रण सुरू केलं. मामांनी तारा जुळवल्या.

पहिल्या झटक्यात लागलं. जोरात भडकलं, मग मामांनी स्क्रू अर्धा आटा फिरवला आणि आवाज खाली आला, आणखी खाली, आणि तिथे थांबला. धाप नाही, तुटणं नाही. आठही सिलिंडर एका लयीत. माझ्या हातातल्या बाटलीतलं पेट्रोल थरथरत होतं. रेडिएटर नव्हता, म्हणून तीनेक मिनिटंच. तेवढा वेळ मामा डोकं कलतं करून ऐकत होते. मग त्यांनी तार ओढली.

"जैन, जैन," गिऱ्हाईक म्हणालं. म्हणजे अरबीत छान, छान. आणि चाचाबरोबर आत भाव करायला गेलं.

मी बाटलीचं झाकण लावलं, हात पुसले. आम्हाला घेऊन आलेला पिकअपवाला बाहेर हॉर्न देत होता. मी म्हणालो, "मामा, चला."

मामांनी इंजिनाच्या झाकणावर तळवा ठेवून लगेच उचलला. "गरम आहे," म्हणाले. "गार होऊ दे. गरम इंजिनावर प्लास्टिक बांधत नाहीत."

तिथे एक मोडकी बसची सीट होती. आम्ही तिच्यावर बसलो. पिकअपवाल्याला मी हातानं थांब म्हणून सांगितलं.